हजेरीतला हिरवा आकडा

गुरुलिंगनं बायकोच्या मातीत उभं राहून मोबाईलवर क्रिकेट बघितलं, ही बातमी मांजरसुंब्याच्या फाट्यावर पोचली तेव्हा तीत नुसतं क्रिकेट होतं. चौसाळ्यापर्यंत जाईतो षटकारही आले. नेकनूरच्या बाजारात तर एका बाईनं शपथेवर सांगितलं, की खड्ड्यात मीठ न्‌ विभूती पडत होती आणि हा माणूस मधीच 'आऊट' म्हणाला.

बातमी निघाली सटवाच्या तोंडातून. सटवा म्हणजे दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर. त्याचं प्रत्येक वाक्य "खोटं न्हाई सांगत" इथून सुरू होतं आणि तिथंच त्यातलं खरं संपतं.

क्रिकेट नव्हतं. मोबाईल हातात होता आणि नजर त्यावर होती, एवढं मात्र खरं. मोबाईलवर हिरवे आकडे होते. चौसाळा चार पॉइंट एक, नेकनूर तीन पॉइंट नऊ, येळंब चार, आणि सगळ्यात खाली पाली, तीन पॉइंट आठ. ही त्या त्या गावातल्या दुधाच्या कूलरची तापमानं. गुरुलिंग ती बघत होता, कारण दुसरीकडं कुठं बघावं हे त्या दुपारी त्याला सुचत नव्हतं. माणसं बघितली तर ती रडत होती. खड्डा बघितला तर त्यात बायको, कावेरी, लिंगायतांच्या रीतीनं बसवलेली होती. आकडे मात्र कालच्यासारखेच होते.

गुरुलिंग फाट्याच्या अलीकडं राजेश्वर शेठच्या डेअरीत कामाला आहे. काम सांगायला सोपं. गावोगावच्या कूलरला तापमान दाखवणारा एक डबा बसवलेला असतो. डब्यातून दोन तारा निघून एका छोट्या पेटीत जातात, आणि ती पेटी डब्याचं म्हणणं नेटवरून डेअरीत पोचवते. पण हे डबे मुखदुर्बळ. विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. म्हणून डेअरीतला कंप्युटर दिवसभर शाळेतल्या गुरुजीसारखी हजेरी घेत बसतो. प्रत्येक डब्याला नंबर, नंबर पुकारला की त्यानं आकडा सांगायचा. उत्तर आलं की आकडा हिरवा. नाही आलं की आकडा पुसून तिथं तांबड्या रेघा, म्हणजे पोरगं गैरहजर. गुरुलिंगनं त्या हजेरीवर नजर ठेवायची, रेघा दिसल्या की त्या गावाला फोन लावायचा, मेकॅनिक नाहीतर टँकर धाडायचा. गावालाही काही अडचण आली तर तेही त्यालाच फोन करणार. डेअरीचा टेबलावरचा फोनसुद्धा त्याच्याच कोपराशी.

ही हजेरी त्याच्या घरात नाटकासारखी चालायची. त्याची भाची स्वप्नाली, म्हणजे हे लिहिणारी, अकरावीला बीडच्या क्लासला जाते आणि मामाकडं राहते. तिला नकला केल्याशिवाय घास उतरत नाही. ती नाकातून गुरुजी काढायची, "नंबर दोन?" लगेच नेकनूर भाजीवालीच्या गळ्यानं ओरडायचं, "हाय की वो हजर, तीन पॉइंट नऊ, घ्या चार धरून." येळंब घाट चढून आल्यासारखं धापा टाकत बोलायचं. पाली धरणाच्या अंगाला, म्हणून तिचा आवाज पाण्यात डोकं बुडवून आल्यासारखा. कावेरी पदराचा बोळा तोंडात धरून हसायची आणि म्हणायची, "बास कर गं, पोटात दुखायलंय." गुरुलिंग हसत नसे, पण ताटावरनं उठतही नसे.

कावेरीची स्वतःची एक हजेरी होती. दुपारी कंप्युटरच्या बाजूचा फोन वाजायचा. "अवो, डबा खाल्लाव का?" तो म्हणायचा, "खातो." ती ठेवून द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात या फोनला कधी तिसरं वाक्य लागलं नाही.

मग एका सकाळी चुलीसमोर तिच्या छातीत कळ आली आणि रिक्षा बीडला पोचायच्या आतच सगळं संपलं.

मातीच्या वेळी गुरुलिंगचा मोबाईल सारखा थरथरत होता. सोलापूरचे पाहुणे, लातूरची मेहुणी, सगळ्यांना तेच विचारायचं होतं. तो एकेक फोन कापत होता आणि खालून परत हिरवे आकडे वर येत होते. त्यात एकदा पडद्यावर नाव आलं, पंचशीला पाली. पंचशीला पालीचं दूध संकलन केंद्र चालवते. तिलाही कळलं असणार, असं त्याला वाटलं. पालीचा आकडा तीन पॉइंट आठ दिसतच होता, म्हणजे कामाचं काही नसणार. त्यानं तोही फोन कापला.

आमच्यात सुतक पाळत नाहीत. माणूस लिंगैक्य झाला, संपलं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी गुरुलिंग आंघोळ करून, विभूती लावून डेअरीत गेला, याला घरात कोणी काही बोललं नाही. फाट्यावर मात्र क्रिकेटच्या बातमीला शेपूट फुटलं. बायको जाऊन रात्र उलटली न्हाई अन् गडी ड्यूटीवर, खोटं न्हाई सांगत. गुरुलिंगच्या कानावर ते आलं. त्याला राग यावा असं वाटलं, पण आला नाही. दाढेला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर जीभ गालाला लागते पण कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. चहा गरम आहे हे तो पेल्यातली वाफ बघून ठरवत होता.

डेअरीच्या पायरीवर पंचशीला बसलेली होती. सटवा टँकर लावून बाजूला उभा. आत शेठ ओरडत नव्हते, म्हणजे लईच रागात होते.

पालीचं दूध नासलं होतं. सगळा कूलर. सकाळी सटवानं ते टँकरमध्ये घेण्याआधी तपासलं तेव्हा हाताला थंडगार, पण उकळायला ठेवलं की फाटत होतं. शेठचा हिशेब सरळ होता. त्यांनी कंप्युटरवर कालचा दिवस काढून बघितला होता. पालीचा आकडा दिवसभर तीन पॉइंट आठ. दूध थंड, आकडा थंड, मग नासलं कसं? बाईनं आत नासकंच ओतलं. पंचशीला म्हणत होती, की सकाळचं दूध घेतल्यावर डीपी उडाली, लाईट गेली, जनरेटर सुरू झाला नाही. बीडहून मेकॅनिक यायला संध्याकाळ उलटली, तोवर संध्याकाळचं गरम दूधही त्यातच पडलं होतं. मग लाईट आली, कूलर चालला, न्‌ सकाळपर्यंत नासलेलं दूध परत गार झालं. शेठचं म्हणणं, लाईट गेली असती तर आकडा तांबडा झाला असता. मशीन खोटं बोलत नाही. गावची माणसं साक्ष देतील म्हणली तर ते म्हणाले, गावातली माणसं गावाचंच बोलणार. शुक्रवारी कूलर उचलायचा आणि दुसऱ्याच्या वाड्यात बसवायचा, असा त्यांनी हुकूम सोडला.

पंचशीलाला ते केंद्र मिळायला दोन उन्हाळे गेले होते. बौद्ध वस्तीत कूलर बसला तर तिथं दूध घालायला कोण जाईल, असं आधी सगळ्यांनी विचारलं होतं. नंतर गावातल्या निम्म्या बाया तिच्याचकडं घालायला लागल्या, कारण ती फॅट लावताना हात जड करत नव्हती, मशीनवर निघेल तेवढी लिहायची. आता कूलर उचलला तर नुसता कूलर जाणार नव्हता. पंचशीला नासकं ओतते, हे गावात राहणार होतं.

गुरुलिंग आत गेला तेव्हा ती उठून उभी राहिली.

"अप्पा, म्या काल तुमाला फोन केलता," ती म्हणाली. "मग सटवाला लावला, तर त्यानं वहिनींचं सांगितलं. मग न्हाई केला परत. मातीतल्या माणसाला दुधाचं कसं सांगावं?"

"मी कट केलता," गुरुलिंग म्हणाला.



तो खुर्चीवर बसला. कंप्युटरवर कालची पालीची रेघ उघडी होती. एरवी कूलरची रेघ चालत्या बैलाच्या पाठीसारखी असते, खालीवर. गरम दूध पडलं की उंचवटा, थंड झालं की उतार. कालची पालीची रेघ सपाट होती, सकाळपासून लाईट येईपर्यंत; पुढचा उंचवटा शेठनी संध्याकाळच्या गरम दुधाचा धरला होता. गुरुलिंग त्या रेघेकडं बराच वेळ बघत राहिला. काल खड्ड्यापाशी आपण हाच आकडा बघत होतो, आणि तो हलत नाही हे आपल्याला दिसलं नाही, असं त्याच्या मनात आलं. मनात आलं आणि पुढं गेलं. दुखलं नाही.

मग त्याला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला डेअरीत सगळ्या मशिनींची पूजा असते. फॅटचं मशीन, टँकरचं बोनेट, कूलर, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेठच्या घरच्या बाई पुण्याला लेकाकडं असतात, म्हणून पूजेचं ताट दरसाल कावेरीच्या हातात. पूजेपुरती मशिनींना विश्रांती म्हणून गावोगावी कूलर आणि डबे बंद ठेवायचे. गेल्या खंडेनवमीला सगळे बंद झाले आणि इकडं पडदाभर तांबड्या रेघा. कावेरी ताट घेऊन कंप्युटरपुढं उभी, कुंकवाचं बोट वर धरून. "अवो, पूजेला लाल कावून? हिरवं करा की." शेठ म्हणाले, वहिनी बरोबर बोलतात, लक्ष्मीपुढं तांबडं नको. त्यांनी मृत्युंजयला, म्हणजे हे सगळं बसवून देणाऱ्या इंजिनिअरला, फोन लावला. त्यानं बीडमधल्या दुकानात बसूनच काहीतरी बदललं. पडदा हिरवा झाला. कावेरीनं कुंकू लावलं, पुरणपोळ्या झाल्या, सगळे जेवून सुस्तावले, आणि ते परत जागेवर आणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. अडलंही काही नाही, कारण लाईट गेली की गावंच आधी गुरुलिंगला फोन करायची. फोन होता तोवर आकड्याची गरज नव्हती.

गुरुजी तेव्हापासून हजेरी घेत होता, पण गैरहजर लिहायचा बंद झाला होता. पोरगं काल होतं ना, मग आजही आहे, असं म्हणून शेवटचं उत्तरच परत परत लिहीत होता.

दुपारी स्वप्नाली डबा घेऊन आली. आता मामी नाही म्हणून डबा तिनंच केला होता, आणि तो मामाच्या टेबलावर ठेवला; कालपासून मामानं ताटाला हात लावलेला नव्हता. तिला पायरीवरची पंचशीला दिसली, आतले शेठ दिसले, आणि मामानं थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं ते उडवून लावलं. अकरावी सायन्स म्हणजे काय चीज असते ते मांजरसुंब्याला माहीत नाही. तार तुटली तर कंप्युटरला कळतंच, मामा, तो एरर दाखवतोच, कुठलाही कंप्युटर, हे तिनं बोट नाचवून सांगितलं, शेठच्या देखत.

"न्हाई दाखवत," गुरुलिंग म्हणाला.

"लागली पैज? मी जिंकले तर तुमी हा डबा माझ्यापुढं बसून पुसून खायचा. तुमी जिंकले तर सांगाल ते काढीन. शेठचा आवाज काढीन, शेठपुढं."

शेठ खाकरले. गुरुलिंगनं मान हलवली, हो म्हणाला की नाही ते कळलं नाही, आणि उठला.

डेअरीच्याच आवारात एक छोटा कूलर आहे. त्याचाही डबा त्याच हजेरीत, नंबर शेवटचा. तिथला आकडा होता चार पॉइंट दोन, हिरवा. गुरुलिंगनं पंचशीलाला आत बोलावलं, सटवालाही. शेठला खुर्ची पडद्यासमोर सरकवून दिली. मग बाहेर जाऊन डब्याच्या दोन तारा पेटीतून उपसल्या आणि हात झटकत आत आला.

सगळे पडद्याकडं बघत उभे राहिले. चार पॉइंट दोन. हिरवा.

"वेळ लागतो त्याला," स्वप्नाली म्हणाली.

चहा आला. बाकीचे प्यायले. चार पॉइंट दोन. सटवा म्हणाला, खोटं न्हाई सांगत, कंप्युटर झोपलाय. गुरुलिंगनं आपला चहा प्यायलेला नव्हता. पेला घेऊन तो कूलरपाशी गेला, दुधात बुडवलेली तापमानाची सळई वर काढली, पुसली, आणि पेल्यात उभी केली. मग शेठला नुसतं हातानं बोलावलं. डब्यावरचा आकडा चढत होता. वीस. चाळीस. बावन्न. दारातून पडदा दिसत होता. पडद्यावर अजून चार पॉइंट दोन, दसऱ्याच्या झेंडूइतकं ताजं.

शेठ पेल्याकडं आणि पडद्याकडं आळीपाळीनं बघत होते. स्वप्नालीच्या तोंडून एकही नक्कल निघाली नाही. पंचशीलानं पदर खांद्यावर नीट घेतला.

"हे कुणी करून ठेवलं?" शेठनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मृत्युंजयला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मृत्युंजयचा आवाज दुकानातल्या पंख्याच्या घरघरीतून आला. तो बिचारा घाबरला नाही, त्याला आठवतच होतं.

"शेठ, खंडेनवमीला. वहिनी म्हणल्या हिरवं करा, तुमी म्हणले करून टाक. मग काढायचं कुणी बोललंच न्हाई."

 गेलेल्या माणसाचं नाव अशा ठिकाणी आलं की जिवंत माणसं जमिनीकडं बघतात. शेठची नजर गुरुलिंगवर आली. आता त्यांना बोलायला जागा सापडली होती, पण ती वापरावी की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"ती पूजेपुरतं म्हणली होती, शेठ," गुरुलिंग म्हणाला.

एवढंच. आवाज चढला नाही, भरूनही आला नाही. कूलरचं तापमान सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. शेठनं थोडा वेळ मिशी कुरवाळली. मग पंचशीलाकडं न बघता म्हणाले, कूलर पालीतच राहू द्या. आणि थोड्या वेळानं, तिच्याकडं बघून, खालच्या आवाजात म्हणाले, की गावात काय सांगायचं ते ते स्वतः येऊन सांगतील. पंचशीला म्हणाली, "संध्याकाळच्या दुधाला या. सगळ्या बाया असत्यात."

ते गेले की नाही ते सटवाला विचारू नका. गेले होते. चपला काढून, कूलरला हात लावून, सगळ्या बायांसमोर म्हणाले, की दोष मशीनचा होता. मशीनचा कसा, असं एका म्हातारीनं विचारलं, तर म्हणाले, आमचा.

पण ते संध्याकाळी. दुपारी गुरुलिंगनं फोनवर मृत्युंजयला सांगितलं, की आता लाल दिसू द्या. मृत्युंजयनं तिकडून बदललं. क्षणभर सगळा पडदा कोरा झाला, गुरुजींनी पहिल्यापासून पुकारायला घेतलं. चौसाळा हजर. नेकनूर हजर. पाली हजर. येळंबपुढं तांबड्या रेघा आल्या. गुरुलिंगनं फोन उचलून येळंबला लावला. तिथली पेटी कालपासून उंदरानं कुरतडलेली निघाली, कूलर मात्र चालू होता. सगळ्यात खाली आवारातला कूलर, त्याच्याही तारा अजून उपसलेल्या, म्हणून तोही तांबडा. गुरुलिंगनं त्या जाऊन जोडल्या नाहीत. तो तांबड्या रेघांसमोर बसून राहिला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा जे दिसतंय तेच खरं आहे असं त्याला वाटलं. बरं वाटलं असं नाही.

शेठ गेले, पंचशीला पालीच्या जीपला गेली, सटवा ही बातमी घेऊन फाट्याला गेला. खोलीत मामा-भाची राहिले. न उघडलेला डबा मधे.

स्वप्नाली म्हणाली, हरले. काय काढू? शेठ आता गेले, नाहीतर काढलाच असता. सटवा काढू का टँकर रिव्हर्स घेतानाचा?

गुरुलिंग पडद्याकडं बघत होता.

"मामीचा काढ," तो म्हणाला. "दुपारचा."

मामी गेल्यापासून तो एक आवाज तिनं काढलेला नव्हता. घरात एकटी असतानाही नाही. तिनं पाणी प्यायलं, ओढणी डोक्यावर घेतली, मग काढून टाकली. टेबलावरच्या फोनकडं तोंड केलं, म्हणजे मामाकडं बघावं लागू नये.

"अवो, डबा खाल्लाव का?"

 गुरुलिंग विचार करत होता, एखाद्या गावचा आकडा बरोबर आहे का हे तपासताना करतो तसा.

"'का' इतका लांबवत न्हवती ती," तो म्हणाला. "तिला घाई असायची. परत काढ."

तिनं परत काढला.

"खातो," तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण काढलं.